भुजंगरावांचे रोंगटे

आधी गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, भरल्या सभागृहात, माइक हातात असताना मी एका गाण्याचा जीव घेतला. हत्यार म्हणाल तर बटाटेवडे.

मी तेव्हा पुण्याहून लग्न होऊन नुकतीच हैदराबादला आले होते, आणि पुण्याहून आले आहे हे समोरच्याला माझ्या दुसऱ्या वाक्यात कळेल अशी व्यवस्था करत होते. पहिल्या वाक्यात सांगणं असभ्य, एवढी संस्कृती होती. कडक इस्त्रीची साडी, जाड काड्यांचा चष्मा, आणि चेहरा असा की हसले तर विद्वत्ता गळून पडेल. कॉलेजात सौंदर्यशास्त्राचा एक पेपर होता, त्यातला 'उदात्त' हा शब्द मी रुखवतासारखा बरोबर आणला होता. सूर्यास्त दिसला की उदात्त. गोवळकोंडा दिसला की उदात्त. शेवटी आमच्या ह्यांनी घरातल्या प्रेशर कुकरचं नावच उदात्त ठेवलं. "अगं, उदात्तच्या तीन शिट्ट्या झाल्या," असं बाहेरच्या खोलीतून ओरडायचे. मी रुसायची. आता वाटतं, माणूस किती सहनशील होता.

इथल्या मराठी मंडळींची भाषा ऐकून तर मला घेरी यायची. "हौ जी", "नक्को", "कायकू". ह्या लोकांना सुधारायला हवं, अशा पवित्र हेतूने मी आमच्या मंडळाची चिटणीस झाले.

त्या वर्षी गणपतीत बीदरकडच्या एक म्हाताऱ्या गायिका आल्या होत्या. नाव कोणी ऐकलेलं नाही, अंगावर सुती नऊवारी, तोंडात मोजून चार दात. तासभर गायल्या. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात आभाराचं भाषण घोकत होते. शेवटी बाई एका सुरावर थांबल्या आणि तो सूर त्यांनी अलगद सोडून दिला. तंबोरा चालू राहिला. कोणी हललं नाही. टाळी नाही, खोकला नाही, बांगडी वाजली नाही. मला वाटलं, बाई पुढचं विसरल्या. बिचाऱ्यांची लाज राखावी म्हणून मी उठले, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "बटाटेवडे गरम आहेत. मंडळींनी कृपया रांगेने यावं."

मंडळी दचकली. मग मुकाट्याने रांगेत आली. पहिल्या ओळीतला एक उंच, सावळा माणूस मात्र बसूनच राहिला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उजवा हात समोर पसरलेला, जणू कोणी इंजेक्शन द्यायला येणार आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात हळूहळू खाली घेतला आणि म्हणाला, "काय केलं हे बाई? मानेपर्यंत आलते. येऊन बसलेलं पाखरू उडवून लावलं तुम्ही."

'आलते' नव्हे, 'आले होते', एवढंच मला त्यावर सुचलं. कुठलं पाखरू, ते कुठे बसलं होतं, काही कळलं नाही.

हे भुजंगराव. अंबरपेठेत आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहणारे. वीजखात्यात मीटर रीडर. मूळ घर नांदेडकडे, वडिलोपार्जित शेती, पण आजोबांच्या वेळेपासून बिऱ्हाड हैदराबादेत, त्यामुळे मराठी बोलताना अर्धा पाय मराठवाड्यात आणि अर्धा चारमिनारच्या गल्लीत. माणूस दिसायला अगदी साधा. पण एक वेड. ह्या जगात काय थोर आणि काय फालतू, ते ठरवायचं एकच साधन त्यांच्याकडे होतं, ते म्हणजे उजवा हात. त्यावरचे केस उभे राहिले तर गोष्ट खरी. नाही राहिले, तर ती कितीही नावाजलेली असो, "सपाट आहे जी, जाऊ द्या."

आपण मराठीत अंगावर काटा आला म्हणतो. माझ्यासारखी शिकलेली बाई रोमांच म्हणते. भुजंगराव रोंगटे म्हणायचे. आणि त्यांच्या रोंगट्यांना पायऱ्या होत्या. मनगटापर्यंत आले तर ठीक. कोपरापर्यंत म्हणजे उत्तम. खांद्यापर्यंत वर्षातून एखादेवेळी. आणि मानेपर्यंत? "ते माणसाच्या नशिबात तीनचारदाच असतं वहिनी." त्यातलं एक मी वड्यांत तळून काढलं होतं.

हात नेहमी उघडा हवा म्हणून अर्ध्या बाह्या. डिसेंबरच्या थंडीत आम्ही शाली गुंडाळून कुडकुडत असू, हे आपले उघड्या हातांनी दारात उभे. "भाऊजी, स्वेटर घाला हो," म्हटलं तर म्हणायचे, "स्वेटर घातला की कान बंद होतात माझे."

मीटर रीडर हा ह्या माणसासाठी देवानेच शोधलेला धंदा असावा. शहरातल्या हजारो घरांत शिरायची मुभा, आणि मीटर नेहमी कुठे? जिन्याखाली, बोळात, अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे उभं राहून आकडा लिहायचा, आणि लिहिता लिहिता घर ऐकायचं. मलकपेठेत एका घरी असेच मीटरसमोर उभे राहिले ते हलेचनात. हात ताठ, डोळे मिटलेले, अंगावरचे केस उभे. घरातल्या बाईंना वाटलं, ह्याला शॉक बसला. शॉक बसलेल्याला लाकडाने सोडवावं, हे बाईंना पक्कं माहीत. त्यांनी कपडे धुवायचं धोपाटणं उचललं आणि भुजंगरावांच्या पाठीत असं घातलं की आवाज शेजारच्या बोळात गेला. वरच्या मजल्यावर त्यांची सासू नातवंडाला निजवताना तेलुगूत काहीतरी गुणगुणत होती, हे ते ऐकत होते. पाठ चोळत म्हणाले, "शॉकच बसलाता अम्मा. पण तुमच्या मीटरचा नव्हे."

मी ह्या माणसाला वेडा समजून सोडून दिलं असतं. पण एकदा आमच्याकडे जेवायला आले असता त्यांनी माझ्या वरणाच्या फोडणीला हात पसरला आणि म्हणाले, "मनगटापर्यंत." मला झोंबलं. मी, पुण्याची, आणि मनगटापर्यंत! त्यानंतर सबंध वर्षभर मी त्या माणसाला जेवायला घालून कोपर गाठायचा प्रयत्न केला. पुरणपोळी केली. बगारे बैंगन शिकले. कढीलिंब स्वतः लावला. मनगटाच्या पुढे गाडी जाईना. मग एक दिवस आमचा मुलगा गच्चीच्या कठड्यावर चढला आणि मी खालून किंचाळले, "अरे, पडशील रे माझ्या राजा!" मुलगा उतरला. मी धापा टाकत वळते तर भुजंगराव फाटकात उभे, हात पुढे. "वहिनी, कोपरापर्यंत." मला रडावं की हसावं ते कळेना. एवढं खरं, की 'उदात्त' हा शब्द मी त्यानंतर जरा जपून वापरू लागले.

त्यांना मोठ्या गोष्टी दाखवून काही उपयोग नसे. एकदा गल्लीची सहल समुद्र बघायला गेली. आम्ही सगळे "अहाहा" करत उभे, आणि ह्यांनी हात दाखवला, घोटलेल्या दाढीसारखा गुळगुळीत. "लई पाणी आहे," एवढंच म्हणाले. परतीच्या सरकारी बसमध्ये मात्र एक लमाण बाई शेजारच्या परक्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि ती परकी बाई पुढचे दोन तास खांदा न हलवता बसून राहिली. उतरायचं ठिकाण आलं तरी उतरली नाही. भुजंगराव मागच्या सीटवरून उठून मला सांगायला आले, "खांद्यापर्यंत गेले वहिनी. तुम्हाला?" मी आपलं म्हटलं, "हो, मलाही." खोटं होतं ते. मी त्या वेळी उलटीची पिशवी शोधत होते.

आता कमलअक्कांबद्दल सांगायला हवं. भुजंगरावांच्या पत्नी. बुटक्या, गोल, कमी बोलणाऱ्या. नवऱ्याच्या वेडाला त्या ना हसायच्या ना कौतुक करायच्या. घरात गॅस असतो, नळ असतो, तसे रोंगटे. गंमत अशी, की भुजंगराव स्वतःच्या हाताकडे कधी बघायचेच नाहीत. हात पसरायचा आणि अक्कांच्या तोंडाकडे बघायचं. अक्का चष्मा कपाळावर चढवून, तांदूळ निवडावेत तशा तो हात बघायच्या. मग निकाल सांगायच्या. "हौ. कोपरापर्यंत आहेत. चला आता, कोथिंबीर सुकायली." भुजंगराव खूश होऊन मागोमाग जायचे. त्या म्हणाल्या नाहीत तोवर ते आम्हाला सांगायला यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "अक्का, तुम्हाला येतात का हो?" तर म्हणाल्या, "एकाचेच घरात पुरे झाले की गं."

सव्वा वर्षापूर्वी, ऑक्टोबरात, अक्का गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. भुजंगराव रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाही. तेरावा झाला, त्यांची मुलगी परत अमेरिकेला गेली, आणि दुसऱ्याच दिवशी ते दूध आणायला निघाले तेव्हा मी बघतच राहिले. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मनगटाशी बटणं लावलेली. वरचंही बटण लावलेलं, कॉलर मानेवर चढवलेली.

मला वाटलं, दुःखात माणूस कपाटातलं हाताला येईल ते घालतो. पण दिवस गेले, महिने गेले, बाही काही वर जाईना. हैदराबादचा मे महिना तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, डांबर मऊ होऊन चपलेला चिकटतं. त्या मे महिन्यात भुजंगराव मनगटापर्यंत बंद. गल्लीत तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं, कोड आलंय. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याने बायकोचं नाव गोंदवून घेतलंय आणि आता लाजतोय. मी सरळ जाऊन विचारलं. "भाऊजी, हे काय चाललंय?"

त्यांनी बटणाशी चाळा केला आणि म्हणाले, "मीटर बंद पडलं वहिनी. रीडिंगच नाही."

हा माणूस घोड्याच्या टापेपासून फोडणीच्या चरचरापर्यंत सगळ्याला हात पुढे करणारा. तो सपाट झाला? बायको गेली हे दुःख होतंच, पण जगणंच विझलं तर पुढचे दिवस हा काढणार कसे? शिवाय माझ्या मनात ते बटाटेवड्यांचं जुनं शेपूट होतंच. शेहेचाळीस वर्षांत मी त्यांची कधी माफी मागितली नव्हती. ठरवलं, एकदा, मरायच्या आधी, ह्या माणसाला मानेपर्यंतचं एक परत मिळवून द्यायचं. ह्या वयात लोक चारधामला जातात. मी हे घेतलं.

माझी नात सानिका माधापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मराठी वाचताना तिला पोह्यात खडा लागल्यासारखं होतं, पण पोरगी मनाने सोन्यासारखी. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, गूझबम्प्स ना? ते ब्रेनमधलं केमिकल असतं. लोड नको घेऊ, अंकलला लाइव्ह कॉन्सर्टला नेऊ." तिने मोबाइलवर तीन तिकिटं काढली. मोठा थंडगार हॉल, नामांकित गवई, पुढून चौथी ओळ. मी सबंध वेळ गाणं ऐकलंच नाही. भुजंगरावांकडे डोळे लावून बसले होते. हात मांडीवर, बटणं बंद. गाणं संपलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि भुजंगरावांनीही वाजवल्या. सगळ्यांबरोबर, व्यवस्थित, जेवढ्या बाकीच्यांनी तेवढ्या. मग मला म्हणाले, "चांगलं होतं. एसी जरा जास्त होता."

परतताना सानिका हळूच म्हणाली, "अंकल तर एकदम नॉर्मल आहेत, आजी."

"तेच तर," मी म्हटलं. मला रात्रभर त्या टाळ्या डाचत राहिल्या.

मग जानेवारीत नामपल्लीचं प्रदर्शन लागलं, म्हणजे जत्राच. मी विचार केला, गाणं नाही तर नाही, उंची तरी काही करील. त्र्याहत्तर वर्षांची मी आणि ऐंशीचे भुजंगराव, दोघं आकाशपाळण्यात बसलो. पाळणेवाल्याने दोनदा विचारलं, "अम्मा, पक्का?" मी म्हटलं, "पक्का." पाळणा वर निघाला आणि माझी सगळी विद्वत्ता खाली राहिली. येतील त्या देवांना हाका मारल्या, दोन तेलुगू देवांनाही सोडलं नाही. डाव्या पायातली चप्पल निसटली ती खाली मिरचीभजीवाल्याच्या परातीशेजारी पडली. पाळणा अगदी टोकाला थांबला. खाली दिवेच दिवे, संध्याकाळचं सबंध शहर, आणि कुठूनशी मगरिबची अजान उठली, तिच्या पाठोपाठ दुसरी, तिसरी, एकीत एक मिसळत गेली. भुजंगराव मान वळवून बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग त्यांनी कॉलर वर ओढली.

"काही?" मी एका डोळ्याने विचारलं. दुसरा उघडायची हिंमत नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "गार वारा आहे."

खाली आल्यावर भजीवाल्याने चप्पल परत दिली, वर दोन भजी दिली, आणि म्हणाला, "अम्मा, अगली बार दोनो फेकना. जोडी काम आती." मी हसले. भुजंगरावही हसले. पण बटणं तशीच.

मी हार मानली असती. पण आठवलं, हा माणूस वर्षानुवर्षं रविवारी पहाटे मलकपेठेच्या रेसकोर्सकडे जायचा. गल्लीतल्या निम्म्या लोकांना तो घोड्यांवर पैसे लावतो असं वाटायचं. खरं म्हणजे सकाळी घोड्यांना पळवून आणतात, ते रस्त्याकडच्या जाळीतून बघायला जायचा. मी म्हटलं, "भाऊजी, ह्या रविवारी रेसकोर्स."

"तिथं नक्को वहिनी."

"का नको?"

"नक्को म्हणजे नक्को. गुडघे दुखायलेत."

गुडघे आकाशपाळण्यात चढताना दुखले नव्हते. शहाण्या बाईने इथेच ओळखलं असतं. मी शहाणी कधीच नव्हते, फक्त चष्मा तसा होता. रविवारी साडेपाचला रिक्षा त्यांच्या दाराशी उभी केली आणि भोंगा वाजवायला लावला. आठ घरांचे दिवे लागले तेव्हा भुजंगराव बाहेर आले. पूर्ण बाह्या, कॉलर चढवलेली.

जाळीजवळ पोचलो तेव्हा नुकतं उजाडू लागलं होतं. धुकं होतं. तिथे एका म्हाताऱ्या मियाँची चहाची गाडी असते. त्यांनी भुजंगरावांना लांबूनच ओळखलं. "अरे मीटरसाब! कित्ते दिनां बाद! कां थे साब?" आणि न विचारताच दोन ग्लास भरले. मग माझ्याकडे नीट पाहिलं, थांबले, आणि म्हणाले, "भाभी कू नै लाए आज?"

मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस इथे एकटा येतो. अक्का ह्याबद्दल गल्लीत कधी बोलल्याच नव्हत्या.

भुजंगरावांनी ग्लास घेतला. चहाकडे बघत म्हणाले, "घरपेच हैं मियाँ. ठंड है ना."

"हौ, ठंड तो है," मियाँ म्हणाले. "सलाम बोलना."

"बोलतूं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

घोडे येतात ते आधी ऐकू येत नाहीत. आधी तळपायांना कळतं. जमीन आतून कोणीतरी थोपटतंय असं. मग आवाज, मग धुक्यात काहीतरी काळं हलतं, आणि मग एकदम ते आहेतच, पाच, सहा, नाकपुड्यांतून वाफ, अंग ओलं चकाकणारं. घोडा इतका मोठा असतो हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. आपल्यासाठी ते पळत नव्हते. कोणासाठीच नव्हते. हे मी बघत होते खरी, पण सवयीने नजर भुजंगरावांकडे वळली. हात नेहमीसारखे झाकलेले. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरलेला. त्यांनी घोड्यांमागे मान वळवली तशी कॉलर जरा खाली सरकली, आणि मला मागून त्यांची मान दिसली.

मानेवरचे सगळे पांढरे केस उभे होते. वाऱ्याने गवत उभं राहावं तसे, एकूण एक.

"भाऊजी!" मी ओरडले. "मान!"

त्यांनी झटकन हात मानेवर नेला. गूळ चोरताना सापडलेल्या पोरासारखे माझ्याकडे बघू लागले.

"बंद पडलं म्हणत होता ना? रीडिंग नाही म्हणत होता! इतके महिने मला पळवलंत, आकाशपाळण्यात बसवलंत, आणि हे काय आहे?"

घोडे लांब गेले, जमीन शांत झाली. मग ते म्हणाले, "बंद नाही पडलं वहिनी. पडलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी कॉलर सारखी केली.

"तेराव्याला. माणसं जेवून उठलती. मी दारात बसलो होतो. ती सीताफळवाली आली. रोजचीच ती, रोज तसंच ओरडते. पण त्या दिवशी तिचा आवाज असा गल्लीच्या टोकापासून उठला, असा वर वर आला... थेट मानेपर्यंत. मी हात पसरला अन् वळलो. आत पोरं सतरंज्या गुंडाळायलेत." त्यांनी ग्लासातला चहा हलवला. "मला लाज वाटली. ती जाऊन तेरा दिवस, अन् माझं अंग खुशाल शहारायलंय. जसं काही झालंच नाही. म्हटलं, झाकून टाकावं."

"आणि नंतर?"

"नंतर काय. जास्तच येतात. रोज येतात. त्या गाण्याला आले. पाळण्यात आले. तुम्ही देवांना हाका मारायलात, तेव्हा सुद्धा आले. पण कुणाला दाखवू? मला माझं कधी दिसलंच नाही वहिनी. ती हौ म्हणायची, मग मला कळायचं."

म्हणजे इतके महिने मी ज्याला पेटवायला निघाले होते, तो विझलेलाच नव्हता. ताप लपवणाऱ्या माणसाला मी शेक देत फिरत होते. सत्तावीस वर्षांची ती चष्मेवाली चिटणीस अजून माझ्यात शाबूत आहे, हे त्या क्षणी कळलं, आणि तिचा कान धरून तिला घरी पाठवावं असं वाटलं. पण जिभेला हाड नाही. मी म्हटलंच, "मग आम्ही काय मेलो आहोत का? मला दाखवा. मी सांगते किती आलेत ते."

मियाँ स्टोव्हमध्ये हवा भरत होते. पूर्वेकडे धुक्याला तांबूस कड आली, आणि पुन्हा तळपायांना ते थोपटणं लागलं. घोडे दुसऱ्या फेरीला येत होते.

भुजंगरावांनी ग्लास जाळीखालच्या कठड्यावर ठेवला. उजव्या मनगटाचं बटण काढू लागले. बोटं गारठली होती, बटण निघेना. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली. निघालं एकदाचं. बाही एकदा दुमडली, दोनदा दुमडली, कोपराच्या वर नेली. सव्वा वर्ष ऊन न लागलेला, म्हाताऱ्या माणसाचा बारीक हात. घोडे समोरून गेले तेव्हा त्यांनी तो पसरला. माझ्यापुढे नाही. माझ्या आणि त्यांच्या मध्येही नाही. त्यांच्या डाव्या बाजूला, जिथे एक बुटकं माणूस उभं राहू शकेल एवढी जागा मोकळी होती, तिकडे वळवून.

मी वाकून, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. आणि आकडा सांगायला तोंड उघडलं.

त्या मोकळ्या जागेवरची नजर न काढता भुजंगराव म्हणाले, "हे तिच्या वाट्याचं आहे वहिनी. तुम्ही नुसतं बघा, बोलू नका."